‘२००’ लिहिलं आणि बफर रिकामा झाला: ईमॅक्सच्या कमांडमधली इनपुटची चूक शोधून दुरुस्त करताना

मराठी शब्दयाद्या तपासण्याचं काम मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये करतो. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या शब्दकोश फाइलची रचना साधी असते: पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या, त्यापुढे दर ओळीला एक शब्द. अशा मोठ्या फाइलवर काही करून बघायचं असेल, तर आधी तिची प्रत उघडायची, वरच्या शेदोनशे ओळी ठेवायच्या आणि बाकीच्या उडवायच्या. हे वारंवार लागायचं, म्हणून मी चार ओळींची कमांड लिहून ठेवली होती. नाव ‘नमुना-ठेव’. ईमॅक्स लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या कमांड ज्या भाषेत लिहितात तिच्यात, फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवलं तरी चालतं, त्यामुळे मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट) दाबून हेच नाव लिहायचं.

एका संध्याकाळी कमांडने विचारलं, ‘किती ओळी ठेवायच्या?’ मराठी कीबोर्ड चालूच होता. मी २०० लिहून एंटर दाबलं आणि समोरचा बफर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा मजकूर, कोरा झाला. एरर नाही, बीप नाही, संदेश नाही. अनडू केल्यावर सगळं परत आलं. पण ती फाइल मी न बघता सेव्ह केली असती तर काय झालं असतं, हा विचार पुढे बराच वेळ डोक्यात राहिला.

ही चूक कशी शोधली आणि कशी दुरुस्त केली, ते इथे क्रमाने लिहितो. तुमची कमांड वेगळी असेल, पण वापरणाऱ्याकडून संख्या घेणाऱ्या जवळपास प्रत्येक कमांडला हा क्रम लागू पडेल. ईमॅक्सच्या फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

मूळ कमांड अशी होती

कमांडला ‘ओळी’ नावाचा एकच आर्ग्युमेंट, म्हणजे बाहेरून मिळणारी किंमत, होता. तो वापरणाऱ्याकडून कसा घ्यायचा हे सांगणाऱ्या ‘इंटरॅक्टिव्ह’च्या स्ट्रिंगची (अक्षरांच्या मालिकेची) सुरुवात ‘एस’ या अक्षराने होत होती. त्याचा अर्थ: प्रॉम्प्ट दाखव आणि वापरणारा जे लिहील ते जसंच्या तसं स्ट्रिंग म्हणून दे. मग बॉडीमध्ये ‘गोटू-चार’ने बफरच्या सुरुवातीला जायचं, ‘स्ट्रिंग-टू-नंबर’ने त्या स्ट्रिंगची संख्या करायची, ‘फॉरवर्ड-लाइन’ने तितक्या ओळी खाली उतरायचं आणि तिथपासून बफरच्या शेवटापर्यंतचा मजकूर ‘डिलीट-रीजन’ने काढून टाकायचा.

वाचायला सोपी आणि इंग्रजी अंक दिले की अगदी बरोबर चालणारी. वर्षभर मी ती तशीच वापरली.

आधी चूक पुन्हा घडवून आणा

कोडला हात लावण्याआधी ईमॅक्स ‘वजा कॅपिटल क्यू’ हा पर्याय देऊन उघडा. त्याने तुमची इनिट फाइल, म्हणजे तुमच्या सेटिंगची फाइल, लोड होत नाही. मग फक्त ती कमांड असलेली फाइल लोड करा. पुष्कळदा दोष एखाद्या पॅकेजचा असतो आणि आपण आपल्याच कोडमध्ये तासन्‌तास शोधत बसतो. ही पायरी पाच मिनिटांची आहे, ती वगळू नका.

त्यानंतर दहा ओळींचा एक तात्पुरता बफर घेऊन सुचेल ते इनपुट द्या आणि काय झालं ते लिहून ठेवा. माझ्या वहीत हे जमलं:

देवनागरी ५: सगळा मजकूर गेला.
काहीही न लिहिता एंटर: सगळा मजकूर गेला.
‘पाच’ असं अक्षरी: सगळा मजकूर गेला.
इंग्रजी अंकांत उणे पाच: सगळा मजकूर गेला.
इंग्रजी अंकांत अडीच, दशांश चिन्हासह: एरर आली, मजकूर सुरक्षित.
इंग्रजी अंकांत पाच आणि पुढे ‘ओळी’ हा शब्द: पाच ओळी राहिल्या.
इंग्रजी अंकांत अडीच हजार, स्वल्पविरामासह: दोन ओळी राहिल्या.
इंग्रजी अंकांत पाच: पाच ओळी राहिल्या.

यादी पूर्ण होईपर्यंत माझी समजूत होती की हा देवनागरी अंकांचा प्रश्न आहे. तसं असतं तर यादीतल्या बाकीच्या नोंदी अशा निघाल्या नसत्या. अंक हे फक्त निमित्त होतं. कमांडला न समजलेली प्रत्येक गोष्ट ती मुकाट्याने शून्य समजत होती आणि ‘शून्य ओळी ठेव’ म्हणजे ‘सगळं काढ’.

मला सर्वांत जास्त काळजी स्वल्पविरामाच्या नोंदीची वाटली. बफर कोरा झाला तर निदान लगेच दिसतं. अडीच हजारांऐवजी दोन ओळी उरल्या, तर माणूस फाइल बघतो, वर दोन शब्द दिसतात, आणि घाईत असेल तर पुढे जातो. आपल्याकडे लाखाला दोन स्वल्पविराम देण्याची पद्धत आहे. तो आकडा तसाच चिकटवला तर या कमांडच्या लेखी तो ‘एक’ होतो.

इनपुट नेमकं कुठे हरवतं

एरर येतच नसल्यामुळे ‘डीबग-ऑन-एरर’ (एरर आली की डीबगर, म्हणजे चूक शोधण्याची सोय, उघडणारी सेटिंग) चालू करून उपयोग नाही. इथे एडीबग, म्हणजे कोड पायरीपायरीने चालवून दाखवणारा ईमॅक्सचा डीबगर, लागतो. कर्सर कमांडच्या व्याख्येत ठेवा, आधी कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-मेटा-एक्स दाबा. आता कमांड चालवली की ती प्रत्येक एक्स्प्रेशनपाशी थांबते. स्पेस दाबत पुढे गेलात की त्या त्या टप्प्याची किंमत खाली एको एरियात, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या ओळीत, दिसते. ‘ओळी’ या व्हेरिएबलमध्ये देवनागरी २०० व्यवस्थित आलेलं होतं. पुढच्याच पावलावर, ‘स्ट्रिंग-टू-नंबर’मधून बाहेर पडताना, त्याचं शून्य झालं.

खात्रीसाठी मेटा आणि कोलन दाबून ते एकच फंक्शन वेगवेगळ्या स्ट्रिंग देऊन चालवून बघितलं. मग कंट्रोल-एच एफ दाबून त्याची माहिती वाचली. हे फंक्शन सुरुवातीच्या स्पेस आणि टॅब सोडून देतं, मग संख्येसारखा दिसेल तेवढा भाग उचलतं आणि पुढचा मजकूर दुर्लक्षित करतं. सुरुवातीलाच संख्या नसेल तर शून्य देतं. त्याच्या दृष्टीने संख्या म्हणजे फक्त इंग्रजी अंक. म्हणजे त्यात बग नव्हता, ते सांगितल्याप्रमाणे वागत होतं. माणसाने टाइप केलेल्या मजकुरासाठी ते निवडणं ही चूक माझी होती.

वर्तन भाषेगणिक बदलतं, हेही लक्षात असू द्या. पायथन ३ मध्ये ‘इंट’ला देवनागरी २०० ची स्ट्रिंग दिली तर ते खुशाल दोनशे देतं, कारण युनिकोडमधले सगळे दशमान अंक ते ओळखतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ त्याच स्ट्रिंगला ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) म्हणतं, म्हणजे निदान नकार तरी देतं. पायथनच्या सवयीने लिस्प लिहिणाऱ्याची फसगत इथेच होते.

हे अंक मिनीबफरमध्ये, म्हणजे तळाच्या प्रश्नोत्तराच्या ओळीत, पोचतातच कसे, असा प्रश्न काहींना पडेल. ईमॅक्सची स्वतःची इनपुट मेथड, म्हणजे कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू होणारी देवनागरी, मिनीबफरमध्ये आपोआप शिरत नाही. वाचणाऱ्या फंक्शनला तसं वेगळं सांगावं लागतं. पण कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर मराठी असेल, तर ईमॅक्सकडे अक्षरं देवनागरीतच येतात. आणि मजकुरातला आकडा कॉपी करून प्रॉम्प्टवर चिकटवला तर कीबोर्डचा संबंधच उरत नाही.

झटपट उपाय आणि तो का पुरत नाही

घाई असेल तर एक अक्षर बदलून भागतं. ‘इंटरॅक्टिव्ह’च्या स्ट्रिंगमध्ये ‘एस’च्या जागी ‘एन’ लिहा आणि बॉडीमधलं ‘स्ट्रिंग-टू-नंबर’ काढून टाका. आता ईमॅक्स ‘रीड-नंबर’ वापरतं. रिकामं, अक्षरी किंवा देवनागरी उत्तर दिलं तर ते इंग्रजीत संख्या मागतं आणि पुन्हा विचारतं. ओळीवर जाण्याची ‘गोटू-लाइन’ कमांडही हेच वापरते, म्हणून तिथे देवनागरी अंक दिले की काही बिघडत नाही, फक्त ते स्वीकारले जात नाहीत.

आज संध्याकाळपर्यंत काम उरकायचं असेल तर इथे थांबा. बफर रिकामा होण्याचा मोठा धोका टळला. पण उणे पाच अजूनही चालतं, कारण तीही संख्याच आहे. बफरच्या सुरुवातीहून मागे जाता येत नाही, कर्सर तिथेच राहतो आणि सगळं उडतं. शिवाय मराठीत काम करणाऱ्या माणसाने मराठीत दिलेला आकडा त्याच्याच कमांडने नाकारावा, हे मला मान्य नव्हतं. तो आकडा चुकीचा नाही.

वाचणं आणि काढणं वेगळं करा

मूळ कमांड एकाच दमात तीन कामं करत होती: विचारणं, समजून घेणं आणि मजकूर काढणं. मी त्यांची तीन फंक्शन्स केली. ‘अंक-वाच’ स्ट्रिंग घेतं आणि संख्या देतं, समजलं नाही तर ‘निल’, म्हणजे लिस्पचं ‘काहीच नाही’, देतं. ‘ओळी-विचार’ प्रॉम्प्ट दाखवतं. ‘नमुना-ठेव’ला थेट संख्याच मिळते.

‘निल’ हा सगळ्या दुरुस्तीचा कणा आहे. ‘शून्य’ आणि ‘कळलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि ती कोडमध्ये शेवटपर्यंत वेगळीच राहिली पाहिजेत.

‘अंक-वाच’ असं लिहायचं

पहिल्यांदा कडेच्या अदृश्य गोष्टी काढा. ‘स्ट्रिंग-ट्रिम’ आहे, पण ते स्वतःहून फक्त स्पेस, टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न काढतं. वर्डमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या आकड्याला न तुटणारी स्पेस लागलेली असू शकते, तिचा युनिकोड क्रमांक दशमानात १६०. मराठी मजकुरात जोडाक्षरांसाठी वापरलेले शून्य रुंदीचे जोडक आणि विजोडक, क्रमांक ८२०५ आणि ८२०४, हेही कधीकधी शेपटीला राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही आणि ‘बरोबर तर लिहिलंय’ म्हणत आपण अडून बसतो. ‘स्ट्रिंग-ट्रिम’ला दुसरा आणि तिसरा आर्ग्युमेंट म्हणून स्वतःचा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरं जुळवण्याचा नमुना, देता येतो. त्यात ही तीन अक्षरं घाला. फक्त दोन्ही टोकांची काढा. आकड्याच्या मधोमध असं काही आढळलं तर ते संशयास्पद समजून नाकारलेलं बरं.

कडा साफ केल्यावर काही उरलं नाही तर ‘निल’ द्या.

उरलेल्या स्ट्रिंगचं एकेक अक्षर घ्या. ईमॅक्समध्ये अक्षर म्हणजे मुळात एक संख्या असते. इंग्रजी शून्य ४८ वर आहे आणि नऊ ५७ वर. देवनागरी ० हे २४०६ वर आणि ९ हे २४१५ वर, मधले अंक ओळीने. म्हणून अक्षर पहिल्या पट्ट्यात असेल तर त्यातून इंग्रजी शून्य वजा करा, दुसऱ्या पट्ट्यात असेल तर देवनागरी शून्य वजा करा. कोडमध्ये २४०६ हा आकडा लिहायची गरज नाही. प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून ० लिहिलं की लिस्प त्या अक्षराचा क्रमांक घेतं आणि वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. आकडाच लिहायचा झाला तर मात्र इंग्रजी अंकांत लिहा, कारण देवनागरी २४०६ हे लिस्पच्या वाचकाला एखाद्या व्हेरिएबलचं नाव वाटतं.

मिळालेली किंमत आधीच्या बेरजेच्या दहापटीत मिळवत जा. दोन्ही पट्ट्यांत न बसणारं एकही अक्षर आलं की तिथेच थांबा आणि ‘निल’ द्या. उणे चिन्ह, दशांश चिन्ह, स्वल्पविराम, अक्षरं, सगळं एकाच नियमाने बाहेर जातं. काय नको याची यादी करण्यापेक्षा काय हवं ते नेमकं सांगितलं की कोड लहान होतो.

स्वल्पविराम मी जाणूनबुजून नाकारतो. काढून टाकून वाचता आला असता, पण कोणी ‘दोन स्वल्पविराम पाच’ लिहिलं तर त्याला पंचवीस हवे होते की अडीच, हे कमांडने ठरवू नये. मजकूर काढणाऱ्या कमांडने अंदाज बांधू नये, एवढंच माझं म्हणणं.

एकाच आकड्यात देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले तर चालू देतो. मराठी कीबोर्डवर वरच्या रांगेतून देवनागरी अंक येतात आणि उजवीकडच्या नमपॅडवरून इंग्रजी. माझा हात दोन्हीकडे जातो.

तुम्ही कमांड इतरांसाठी पॅकेज म्हणून देणार असाल तर दोन पट्टे पुरणार नाहीत. तेव्हा ‘गेट-चार-कोड-प्रॉपर्टी’ या फंक्शनला अक्षर आणि ‘डेसिमल-डिजिट-व्हॅल्यू’ हे नाव द्या. युनिकोडमधल्या कोणत्याही लिपीच्या दशमान अंकाची किंमत ते देतं, अंक नसेल तर ‘निल’ देतं. मात्र तिथे लिप्यांची मिसळ चालू देऊ नका. बंगालीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि गुजरातीचे काही अंक देवनागरीशी सहज गोंधळतात. तपासणी सोपी आहे: अक्षराच्या क्रमांकातून त्याची किंमत वजा केली की त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक मिळतो. तो सगळ्या अक्षरांसाठी एकच यायला हवा.

रेग्युलर एक्स्प्रेशनने करणाऱ्यांसाठी

बरेच जण हे एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये उरकतील. हरकत नाही, पण दोन खड्डे सांगून ठेवतो. एक, ईमॅक्समध्ये चौकटी कंसातला ‘डिजिट’ वर्ग फक्त इंग्रजी शून्य ते नऊ जुळवतो, त्यात देवनागरी येत नाही. दोन, टोपीचं चिन्ह आणि डॉलर हे ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला जुळतात, स्ट्रिंगच्या नव्हे. दोन ओळींचा मजकूर चिकटवला आणि पहिल्या ओळीत आकडा असला की तो पास होतो. संपूर्ण स्ट्रिंग जुळवायची असेल तर बॅकस्लॅशसोबत उलटं अवतरणचिन्ह सुरुवातीला आणि बॅकस्लॅशसोबत सुलटं एकेरी अवतरणचिन्ह शेवटी वापरा.

विचारण्याची रीत

‘ओळी-विचार’मध्ये ‘रीड-स्ट्रिंग’ने उत्तर घ्यायचं, ‘अंक-वाच’कडे द्यायचं आणि ‘निल’ आलं तर ‘संख्या कळली नाही’ असा संदेश एक सेकंद दाखवून पुन्हा विचारायचं. पुन्हा विचारताना आधी लिहिलेला मजकूर ‘रीड-स्ट्रिंग’ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून द्या. तो प्रॉम्प्टवर तयार मिळतो आणि स्वल्पविराम तेवढा खोडून पुढे जाता येतं. पूर्ण आकडा पुन्हा लिहायला लावणं मला उगाच त्रास देणं वाटतं.

रिकाम्या एंटरचं काय करायचं, ते तुमच्या कमांडवर आहे. मूळ किंमत ठेवायची असेल तर ती ‘रीड-स्ट्रिंग’चा चौथा आर्ग्युमेंट म्हणून द्या, रिकाम्या उत्तराला तीच परत मिळते. ‘रीड-फ्रॉम-मिनीबफर’ तसं करत नाही. त्याला दिलेली मूळ किंमत मेटा-एन दाबून आणता येते, पण रिकाम्या एंटरला रिकामी स्ट्रिंगच मिळते. दोन्ही फंक्शन सारखीच समजून एकाच्या जागी दुसरं टाकणं, हे इनपुटच्या चुका होण्याचं नेहमीचं कारण आहे. मजकूर काढणाऱ्या कमांडला मी मूळ किंमत ठेवली नाही.

पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या लूपमध्ये एक जागा धोक्याची आहे. कीबोर्ड मॅक्रो (नोंदवून ठेवलेल्या कीज पुन्हा चालवणं) चालू असताना उत्तर चुकलं, तर मॅक्रोमधल्या पुढच्या कीज प्रॉम्प्टचं उत्तर म्हणून गिळल्या जातात आणि शेवटी काय होईल सांगता येत नाही. म्हणून ‘एक्झिक्युटिंग-केबीडी-मॅक्रो’ हे व्हेरिएबल तपासा. ते चालू असेल तर पुन्हा न विचारता ‘यूजर-एरर’ द्या, मॅक्रो तिथेच थांबेल.

आणि कंट्रोल-जी अडवू नका. ‘कंडिशन-केस’मध्ये ‘एरर’ पकडली तरी ‘क्विट’ त्यात येत नाही, ते तसंच राहू द्या. प्रॉम्प्टमधून माणसाला कधीही बाहेर पडता आलं पाहिजे.

आता मुख्य कमांड

‘इंटरॅक्टिव्ह’ला आता स्ट्रिंगऐवजी एक्स्प्रेशन द्यायची, जी आर्ग्युमेंटची लिस्ट परत करते. तिच्या सुरुवातीला ‘बार्फ-इफ-बफर-रीड-ओन्ली’ घाला, म्हणजे बफर फक्त वाचण्यापुरता असेल तर आकडा विचारून मग नकार, असं होणार नाही.

मग प्रीफिक्स आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडच्या आधी कंट्रोल-यूने दिलेला आकडा. कंट्रोल-यू आणि आकडा देऊन कमांड चालवणाऱ्याला पुन्हा विचारू नये. पण नुसतं कंट्रोल-यू दाबलं की प्रीफिक्सची कच्ची किंमत चार असलेली एक लिस्ट असते, आणि नुसतं उणे दिलं तर एक सिम्बॉल. ‘प्रीफिक्स-न्यूमेरिक-व्हॅल्यू’ या दोन्हींची संख्या करून देतं, अनुक्रमे चार आणि उणे एक. बहुतेक कमांडसाठी ते सोयीचं असतं. इथे मात्र चुकून दाबलेल्या कंट्रोल-यूमुळे चार ओळी उरणं मला नको होतं. म्हणून कच्ची किंमत पूर्णांक असेल तरच ती घ्यायची, नाहीतर ‘ओळी-विचार’ला बोलवायचं.

बॉडीमध्ये आल्यावर संख्या पुन्हा तपासा. ही तपासणी फक्त ‘इंटरॅक्टिव्ह’मध्ये ठेवली तर दुसऱ्या लिस्प कोडने थेट बोलावल्यावर ती होतच नाही. पूर्णांक नसेल किंवा एकपेक्षा कमी असेल तर ‘यूजर-एरर’. ती साध्या ‘एरर’ऐवजी वापरायची, कारण डीबग-ऑन-एरर चालू असला तरी तिच्यामुळे डीबगर उघडत नाही. वापरणाऱ्याची चूक आणि कोडची चूक यांत फरक राहतो.

मग ‘काउंट-लाइन्स’ने बफरमधल्या ओळी मोजा. मागितलेल्या ओळी तेवढ्याच किंवा जास्त असतील तर काही काढू नका, ‘याहून जास्त ओळीच नाहीत’ असा संदेश द्या. उरलेलं पूर्वीसारखंच: वर जा, खाली उतरा, पुढचं काढा. शेवटी किती ठेवल्या आणि किती काढल्या तो आकडा दाखवा. मूळ कमांडने एवढं जरी सांगितलं असतं, तरी चूक मला वर्षभर आधी कळली असती.

टेस्ट लिहून ठेवा

वहीतली यादी इथे उपयोगी पडते. ईमॅक्ससोबत ईआरटी ही टेस्टची सोय येते. ‘अंक-वाच’ला बफर लागत नाही, प्रॉम्प्ट लागत नाही, म्हणून त्याच्या टेस्ट एकेका ओळीच्या होतात: देवनागरी २०० दिल्यावर दोनशे, मिसळलेले अंक दिल्यावर दोनशे, शेवटी न तुटणारी स्पेस असूनही दोनशे. रिकामं, उणे, दशांश, स्वल्पविराम, अक्षरी, दोन ओळींचा मजकूर, यांना ‘निल’. एकट्या देवनागरी ० ला शून्य यायला हवं, ‘निल’ नव्हे. ही टेस्ट विसरू नका.

‘नमुना-ठेव’साठी ‘विथ-टेंप-बफर’मध्ये दहा ओळी घाला, पाच ठेवायला सांगा आणि बफरचा मजकूर तपासा. शून्य, उणे आणि अपूर्णांक दिल्यावर ‘शुड-एरर’ने ‘यूजर-एरर’ येते का बघा, आणि त्याच टेस्टमध्ये बफर जसाच्या तसा आहे हेही बघा. एरर आली म्हणजे मजकूर वाचला असं गृहीत धरू नका.

प्रॉम्प्टची टेस्ट करताना ‘रीड-स्ट्रिंग’ तात्पुरतं बदलावं लागतं. ‘सीएल-लेटएफ’ने त्याच्या जागी ठरलेली उत्तरं देणारं फंक्शन ठेवा: पहिल्यांदा चुकीचं, दुसऱ्यांदा बरोबर. हे सगळं टर्मिनलवरून बॅच मोडमध्ये ‘ईआरटी-रन-टेस्ट्स-बॅच-अँड-एक्झिट’ या फंक्शनने चालवता येतं.

दुरुस्ती करण्याआधी या टेस्ट जुन्या कोडवर एकदा चालवा. ज्या नापास व्हायला हव्यात त्या नापास होतात का, ते बघा. माझी एक टेस्ट जुन्या कोडवरही पास होत होती, कारण तिच्यात मीच चुकून इंग्रजी अंक लिहिले होते.

कंट्रोल-यू आणि देवनागरी अंक

एक कोपरा उरतो. मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल-यू दाबून २ दाबलं तर बफरमध्ये २२२२ उमटतं. देवनागरी २ हा ईमॅक्सच्या लेखी अंक नसून साधं अक्षर आहे, आणि नुसत्या कंट्रोल-यूचा अर्थ चार वेळा.

सरळ उपाय असा सुचतो की ‘युनिव्हर्सल-आर्ग्युमेंट-मॅप’मध्ये (कंट्रोल-यूनंतर कोणती की कोणती कमांड चालवते, त्या यादीत) देवनागरी अंकांना ‘डिजिट-आर्ग्युमेंट’ बांधावं. मी तेच केलं आणि २ दाबल्यावर प्रीफिक्स छप्पन्न झाला. सोर्स उघडल्यावर कारण दिसलं. मेटा-५ सारख्या कीमध्ये मॉडिफायरचा बिट वर लागलेला असतो, तो काढण्यासाठी हे फंक्शन दाबलेल्या अक्षराचे फक्त खालचे सात बिट ठेवतं आणि त्यातून ४८ वजा करतं. देवनागरी २ म्हणजे २४०८. त्याचे खालचे सात बिट १०४ होतात, वजा ४८ केले की ५६. इंग्रजी अंकांसाठी हा हिशेब बिनचूक आहे, सात बिटांत न मावणाऱ्या अंकाचा विचार त्यात केलेलाच नाही.

म्हणून मधे एक छोटी कमांड घालावी लागते. ती ‘पी’ कॅपिटल या कोडने कच्चा प्रीफिक्स घेते, ‘लास्ट-कमांड-इव्हेंट’ला ‘लेट’ने त्याच किमतीचा इंग्रजी अंक देते आणि मग ‘डिजिट-आर्ग्युमेंट’ला तो प्रीफिक्स देऊन बोलावते. ही कमांड त्या मॅपमध्ये दहाही देवनागरी अंकांना बांधा. ‘की-ट्रान्सलेशन-मॅप’मध्ये सरसकट भाषांतर करण्याच्या वाटेला जाऊ नका. मग मजकूर लिहितानाही देवनागरी अंक इंग्रजी होऊ लागतील.

हा बदल खुद्द ईमॅक्समध्ये व्हावा असं वाटत असेल तर ‘रिपोर्ट-ईमॅक्स-बग’ ही कमांड आहे. ती आवृत्ती आणि सेटिंग आपोआप भरते. त्यात इनिट फाइलशिवाय चूक कशी घडते त्या पायऱ्या, काय झालं आणि काय अपेक्षित होतं, एवढं लिहा. पॅच पंधराएक ओळींहून मोठा असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइट सोपवण्याची कागदपत्रं करावी लागतात. देवनागरी अंकांची ही दुरुस्ती त्यापेक्षा लहान बसते.